अंगठा तेवढा आपला

तलासरी तालुक्याच्या टोकाला माणूस महाराष्ट्रात आणि त्याचा फोन गुजरातमध्ये, हे रोजचंच आहे. झाईच्या किनाऱ्यावर उतरून घरी ‘पोचलो’ म्हणून कळवायला फोन काढावा, तर त्याआधी मोबाइल कंपनीच गुजरातमध्ये आपलं स्वागत करते. चार पावलं मागे सरकावं, तर महाराष्ट्रात स्वागत. सीमेवरच्या एखाद्या मासळीवालीचं दिवसभरात जेवढं स्वागत होतं, तेवढं पालकमंत्र्यांच्याही वाट्याला येत नसेल. रोमिंगचे पैसे पडायचे त्या काळात इथली मंडळी ओटीच्या कुठल्या कोपऱ्यात बसलोय ते बघून फोन उचलायची. सासुरवाडीचा फोन आला, की ती हमखास गुजरातच्या कोपऱ्यात असायची.

सरकारी हद्द एवढी चपळ नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्यं वेगळी झाली, तरी वेवजी कुठे संपतं आणि पलीकडचं सोळसुंबा कुठे सुरू होतं यावर अगदी अलीकडेपर्यंत वाद झाला आणि कागद हलले. मोबाइलच्या टॉवरने हा निकाल कधीच लावून टाकलाय. त्याला तलाठी लागत नाही, मोजणीची फी लागत नाही, पंच म्हणून सह्या करायला गावातली चार माणसंही लागत नाहीत.

याच भागात रोजगार हमीच्या कामावर ग्रामरोजगार सेवक हजेरी लावतो ते बघण्यासारखं असतं. पूर्वी कागदी मस्टर होतं. त्यात मेलेली माणसंही माती उपसायची, म्हणून ॲप आलं. आता मजुरांना उन्हात एका रांगेत उभं करायचं, फोटो काढायचा आणि तो वर चढवायचा. ॲप दिल्लीचं. ते ज्या फोनवर चालतं तो बहुतेक वेळा चिनी कंपनीचा. फोनच्या पोटातलं अँड्रॉइड कॅलिफोर्नियाचं. रेंज मिळाली तर गुजरातच्या टॉवरची. सगळं सुरळीत झालं म्हणजे चार सरकारं आणि तीन कंपन्या मिळून एक खड्डा खणला जातो. रेशनच्या दुकानातही तेच. मशीन कुणाचं, सर्व्हर कुठला, कनेक्शन कुणाचं, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. अंगठा तेवढा आपला. आणि आयुष्यभर कुदळ धरून त्याच्या रेषा गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे मशीन नेमकं त्यालाच ओळखत नाही.

डहाणूकडे आलं की परिस्थिती सुधारते, म्हणजे रेंज सुधारते आणि परावलंबन वाढतं. आमच्या ओळखीचे एक चिकूचे व्यापारी आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते चिकूबद्दल बोलताना थोडे ताठ बसतात. दुसऱ्या कुठल्या गावाचा चिकू आता घोलवडचा म्हणवून घेऊ शकत नाही, हे ते दिल्लीच्या दलालालाही सुनावतात. पण सुनावतात व्हॉट्सॲपवर. भाव व्हॉट्सॲपवर, ट्रकचा नंबर व्हॉट्सॲपवर, पोचलेल्या मालाचा फोटो व्हॉट्सॲपवर, आणि ‘माल नरम आला’ हा दलालाचा सनातन खोटेपणाही व्हॉट्सॲपवरच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर एकदम बंद पडलं आणि सहा-एक तास बंद राहिलं, तेव्हा या गृहस्थांनी आधी फोन बंद करून चालू केला, मग वायफायचा डबा आपटला, मग मुलाला शिव्या दिल्या. सगळ्या जगाचंच बंद आहे हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं. पण चिकू जगाबरोबर थांबत नाही. झाडावरून उतरला की तो पिकायच्या मार्गाला लागतो, आणि ‘सर्व्हर डाऊन’ ही सबब त्याला कळत नाही. सकाळी त्यांनी दिल्लीला साधा फोन लावला. तेव्हा लक्षात आलं, की इतक्या वर्षांत त्या दलालाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो बोबडा निघाला.

पैशांचं तर बोलायलाच नको. यूपीआय ही व्यवस्था अगदी अस्सल आपली, २०१६ मध्ये आपल्याच पेमेंट्स कॉर्पोरेशनने उभी केलेली, आणि परदेशी पाहुण्यांना दाखवावी अशी आहे. रस्ता आपला. मात्र त्यावर धावणाऱ्या गाड्या बघाव्यात, तर दर शंभरातल्या ऐंशीहून जास्त फोनपे आणि गूगल पे या दोघांच्याच. एकाची मालकी वॉलमार्टकडे, दुसऱ्याची गूगलकडे. ताडीच्या खोपटापर्यंत हे पोचलंय. पूर्वी ताडी पिऊन आलेला माणूस ‘एकच पेला घेतला’ म्हणायचा आणि ते खपून जायचं. आता खोपटातला स्पीकरचा डबा ‘ऐंशी रुपये प्राप्त झाले’ असं अख्ख्या पाड्याला ओरडून सांगतो. दारूबंदी खात्याला जे जमलं नाही ते दोन परदेशी कंपन्यांनी करून दाखवलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

या दोघांची मक्तेदारी होतेय हे सरकारी यंत्रणेच्या लक्षात आलं नाही असं नाही. चांगलं लक्षात आलं. नोव्हेंबर २०२०मध्ये नियम निघाला, की कुठल्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार असता कामा नयेत. मोठ्यांना जुळवून घ्यायला २०२२ अखेरपर्यंत मुदत. ती संपत आली तेव्हा २०२४ अखेरपर्यंत मुदत. ती संपली त्या दिवशी २०२६ अखेरपर्यंत मुदत. आमच्या डहाणू स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला ही हकीकत सांगितली, तर त्याने तळण थांबवलं. गाडी रस्त्यात एक वीत पुढे आली म्हणून त्याला नगरपरिषदेची माणसं तास-दोन तासांची मुदत देतात, तीही तोंडी. ‘सहा वर्षांची मुदत मिळवायला कुठे अर्ज करायचा?’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं, त्यासाठी आधी देशातल्या निम्म्या लोकांना तुझा वडा खायला लाव. मग तुला हलवायचं म्हटलं की सरकारचाच घास अडकेल.

खरं तर परक्या यंत्रावर विसंबून राहिलं की काय होतं, याचा धडा गिरवायला आम्हाला लांब जावं लागत नाही. डहाणू तालुका चिंचणीला संपतो. खाडी ओलांडली, की तारापूर. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे झालं. भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, बांधकाम बेक्टेलचं, करार १९६४ चा. २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज रीतसर सुरू झाली. भट्टीला लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचं, तेही तीस वर्षं, असं १९६३ च्या करारात लिहिलेलं होतं. दोन देशांच्या सह्या होत्या. चिंचणीतले एक काका तिथून निवृत्त झालेत. ते सांगतात, की तेव्हा सगळ्यांना एवढा विश्वास होता की इंधनाचं काय, हा प्रश्न विचारणं हे अशिक्षितपणाचं लक्षण मानलं जायचं.

मे १९७४ मध्ये आपण पोखरणला स्फोट केला. स्फोट राजस्थानात, धूर निघाला वॉशिंग्टनमध्ये, आणि ठसका लागला तारापूरला. १९७८मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो जुन्या करारालाही लावला. आपण म्हटलं, करार तीस वर्षांचा आहे. ते म्हणाले, करार खराच, पण आमचा कायदा बदललाय, आम्ही तरी काय करणार? हे वाक्य काकांना इंग्रजीत पाठ आहे. सेतू केंद्रात दाखला मिळाला नाही, की ते खिडकीवरच्या मुलाला तेच ऐकवतात.

१९८० मध्ये ३८ टन इंधन द्यायचं की नाही यावर अमेरिकन सिनेटमध्ये मतदान झालं. राष्ट्राध्यक्ष कार्टर ‘द्या’ म्हणत होते, तिथल्याच अणुनियामक आयोगाने ‘देऊ नका’ सांगितलं होतं, खालच्या सभागृहानेही ‘नको’ म्हटलं होतं. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं निभावलं. बोईसरच्या पुढे समुद्रकाठी असलेल्या आमच्या भट्टीत काय जळणार, हे आयोवा आणि इडाहोच्या प्रतिनिधींनी ठरवलं. त्यांतल्या किती जणांना बोईसर स्टेशन ठाऊक असेल, आणि विरार लोकलनंतर पुढची गाडी कधी आहे हे किती जणांना सांगता आलं असतं, देव जाणे. कुठल्याही ग्रामपंचायतीत उपसरपंच याहून बऱ्या फरकाने निवडून येतो.

त्यानंतर अमेरिकेने अंग काढून घेतलं आणि १९८२ पासून फ्रान्स आलं. फ्रान्सलाही १९९३ मध्ये नियम आठवले. १९९५ मध्ये इंधन आलं चीनकडून. ज्या चीनच्या नावाने १९६२पासून शाळेच्या भाषणांत मुठी आवळायच्या, त्याच्याच युरेनियमवर आमच्या घरातले पंखे फिरले. काकांच्या मते त्या दिवसांत पंखा जरा जास्तच डावीकडे फिरायचा. २००१ मध्ये रशिया आला. दूधवाला बदलला तरी आई चहा त्याच वेळेला देते, तसं आमच्या तारापूरने कुणालाही न दुखावता वीज दिली. पण आतल्या लोकांचे हाल काय सांगावेत! मूळ कंपनीकडून सुटे भाग येईनात. ते भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आणि इथल्या इंजिनियरांच्या डोक्यातून नव्याने निघाले. २१० मेगावॅटचे संच १६० वर आणून चालवावे लागले. आणि वापरून झालेलं अमेरिकी इंधन? ते ना परत नेलं गेलं, ना वर्षानुवर्षं आपल्याला त्याचं काही करू दिलं गेलं. सांभाळत बसा. पाहुणा गेला, पण वळकटी ठेवून गेला आणि वर बजावून गेला की उघडून बघायची नाही.

पुढचे दोन संच मात्र आपले आपण बांधले, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. २००५ आणि २००६ मध्ये ते सुरू झाले. त्यात क्रमांक चारचा संच तीनच्या आधी सुरू झाला. आपलं आहे म्हटल्यावर आकड्यांचा क्रम लावायचाही अधिकार आपला, असं काका अभिमानाने सांगतात. याच संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हे सांगताना त्यांचा आवाज उतरतो. स्वदेशी यंत्रालाही जागा कुणाची तरी लागतेच.

हे सगळं एवढं विस्ताराने सांगायचं कारण असं, की तारापूरला पुरवठादार शोधायला वेळ तरी मिळाला. भट्टीत टाकलेलं इंधन लगेच संपत नाही. काँग्रेस, सिनेट, आयोग, भाषणं, शिष्टमंडळं असं सगळं होईपर्यंत पंतप्रधानांना विमानाने जाऊन यायला अवधी होता. आता तेवढाही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेलकंपनीचं काय झालं ते पाहा. कंपनीचं कार्यालय मुंबईत, कारखाना गुजरातमध्ये वाडीनारला, पंप देशभर. पण भागभांडवलात रशियाची रोसनेफ्ट. १८ जुलैला युरोपीय संघाने निर्बंध लावले. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसकट सेवा बंद केल्या. भारतात नोंदलेली कंपनी, भारताचा कायदा मोडलेला नाही, परवान्याचे पैसे आगाऊ भरलेले, आणि सकाळी ऑफिसात येऊन बघतात तर पत्रपेटीला कुलूप. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सुनावणीच्या सुमारास, म्हणजे ३० जुलैपर्यंत, सेवा परत सुरू झाल्या. मधल्या दिवसांत तिने कामापुरती पत्रपेटी रेडिफकडे उघडली. रेडिफ! ही बातमी वाचून आमच्या पिढीतल्या निदान शंभर लोकांनी आपापला रेडिफचा पासवर्ड आठवून पाहिला असेल. माझ्या मेहुण्याला आठवला. त्यात कॉलेजातल्या एका मुलीचं नाव होतं. आठवला तेव्हा मोठ्याने आठवला, हे त्याचं चुकलं.

या प्रकरणात मला मायक्रोसॉफ्टचा फारसा राग येत नाही. तिने निर्बंध पाळले. तिच्यावर अमेरिकेचा कायदा, युरोपचा कायदा आणि आपला कायदा असे तीन मास्तर आहेत, आणि तिघांच्या हातातल्या छड्या सारख्या लांबीच्या नाहीत. मला कौतुक वाटतं ते आपल्या विसरभोळेपणाचं. त्याच डिसेंबरात मुंबईत मोठा कार्यक्रम झाला. राज्यातल्या १,१०० पोलिस ठाण्यांमध्ये गुन्ह्यांच्या तपासाला मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या साथीने बसवायची, असं मुख्यमंत्री आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांच्या उपस्थितीत जाहीर झालं. त्या ११०० मध्ये तलासरी आलं, डहाणूही आलं. उद्या कधी ब्रसेल्समध्ये काही ठरलं आणि कासा ठाण्याचा तपास थांबला, तर कोंबडीचोराने कुणाचे आभार मानायचे? त्याच्या महिनाभर आधी राज्याने इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकशी दुर्गम भागांत उपग्रहावरून इंटरनेट पुरवण्यासाठी इरादापत्र केलं होतं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावं होती. पालघर नव्हतं. आम्ही एकाच वेळी दुर्लक्षित राहिलो आणि वाचलो.

दिल्लीला जाग येतच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जाग येते, आणि आली की दचकून येते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर एका रात्रीत बंदी आली. त्या वेळी डहाणूच्या पारनाक्यावर संध्याकाळी तारप्याच्या ठेक्यावर नाचून व्हिडिओ करणाऱ्या पोरांची गर्दी असायची. पोरं दोन दिवस सुतकात होती. पण ८ जुलैला इन्स्टाग्रामचं रील भारतात आलं. नऊ दिवसांत चीनवरचं परावलंबन संपून अमेरिकेवरचं सुरू झालं. ठेका तोच, नाच तोच, समुद्र तोच. मोबाइल फोडून टाकण्याची शपथ घेतलेल्या एका कार्यकर्त्याने शपथेचा व्हिडिओ चिनी फोनवरच काढला होता, पण तो फोन जुना होता, म्हणून सूट.

मग सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय मंत्री एकामागून एक झोहोवर गेले. झोहो आपली, तमिळनाडूतली चांगली कंपनी. तिचं ‘अरट्टै’ हे गप्पांचं ॲपही चर्चेत आलं. आमच्या गल्लीतल्या एका राष्ट्रप्रेमी गृहस्थाने ते लगेच घेतलं आणि सगळ्यांना तशी सूचना पाठवली. व्हॉट्सॲपवर. गेल्या महिन्यात मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, उत्तम, शांत आहे, एकही ‘शुभ सकाळ’ येत नाही. मला तेव्हाच कळलं, की तिथे ते एकटेच आहेत.

नोव्हेंबर २०२५ अखेरचा तो आठवडा तर विसरता येणार नाही. दूरसंचार खात्याचे दोन आदेश मागोमाग. एक असा, की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप कंपनीनेच घालून द्यायचं. आरडाओरडा झाला, पाळतीची शंका निघाली, मंत्री म्हणाले नको असेल तर काढून टाका, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. दुसरा आदेश असा, की व्हॉट्सॲपसारखी ॲपं फोनमधल्या चालू सिमला बांधलेली हवीत आणि संगणकावर उघडलेलं व्हॉट्सॲप दर सहा तासांनी आपोआप बंद झालं पाहिजे. फसवणूक रोखणं हा हेतू, आणि फसवणूक इथेही होते. गुजरातच्या सीमेपलीकडून नव्हे, तर कुठल्या तरी परदेशी तळावरून एक साहेब व्हिडिओवर पोलिसाच्या गणवेशात येतो आणि निवृत्त मास्तरांना ‘डिजिटल अटक’ करतो. म्हणून नियम नको असं म्हणवत नाही. पण सेतू केंद्रातल्या मुलाला हे सांगून बघा. त्याचा सगळा धंदा संगणकावरच्या व्हॉट्सॲपवर चालतो. आधार, सातबारा, जातीचा दाखला, मुलाचा फोटो, सगळं लोक तिथे पाठवतात आणि तो छापून देतो. गंमत म्हणजे हे कागद मागणारं सरकारच आहे. तलाठ्याचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, आशाताईंचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, शाळेची सूचना व्हॉट्सॲपवर, आणि ‘परदेशी ॲपवर शासकीय कागदपत्रं पाठवू नयेत’ हे परिपत्रकही मला पहिल्यांदा तिथेच दिसलं.

आता कुणी म्हणेल, मग करायचं काय? तर डहाणूला एकदा करून पाहिलेलं एक आहे. ‘नाही’ म्हणायचं.

२० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. उद्योगांना एकूण ५०० एकर, त्याहून इंचभर जास्त नाही. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही राखून ठेवायचा, म्हणजे तलासरीही त्यात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे राबवायला एक प्राधिकरण नेमायला लावलं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी आले. एका तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण! त्याबद्दल डहाणूकराने अभिमान बाळगला असेल अशी कल्पना करू नका. डहाणूकराने तीस वर्षं फक्त कुरकुर केली. कारखाना आला नाही, प्राधिकरणामुळे. नोकरी लागली नाही, प्राधिकरणामुळे. भिंतीला ओल आली, तीही प्राधिकरणामुळेच. एका गृहस्थाचं लग्न प्राधिकरणामुळे मोडल्याचं मी स्वतः त्याच्या तोंडून ऐकलंय.

पण प्राधिकरणाने एकदा जे केलं ते आठवलं, की मला अजून बरं वाटतं. पी अँड ओ ही बड्या जहाजांची जुनी विलायती कंपनी. साहेबाच्या काळात मुंबईच्या बंदरात तिच्या बोटी लागायच्या. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेला वाढवणला मोठं बंदर बांधायचं होतं, आणि राज्य सरकार पायघड्या घालून उभं होतं. १९९८ मध्ये प्राधिकरणाने सांगितलं, इथे बंदर बसत नाही. बस्स. कंपनी निघून गेली. मुदतवाढ नाही, टक्केवारी नाही, ‘नको असेल तर काढून टाका’ नाही. डहाणूच्या औष्णिक केंद्रालाही याच प्राधिकरणाने धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र बसवायला लावलं. १९९९ मध्ये आदेश झाला आणि २००७ मध्ये यंत्र बसलं. आठ वर्षं लागली, पण बसलं. देशातल्या बाकीच्या केंद्रांसाठी गंधकाचे नियम २०१५ मध्ये आले आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेकांना त्यातून सूटही मिळाली. नियम करणाऱ्याचा स्वभाव कसा आहे यावर बरंच अवलंबून असतं, एवढंच माझं म्हणणं. कंपनी देशी की परदेशी, हे नंतर.

न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या बंदराला परवानगी दिली. या वेळी बंदर परदेशी कंपनीचं नाही, आपल्याच जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचं आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचं, सुमारे ७६ हजार कोटींचं. मच्छीमारांचा विरोध होता आणि आहे. समुद्रात भराव टाकायचा म्हटल्यावर तो कुठल्या देशाच्या भांडवलातून पडतोय हे माशांना आणि कोळ्यांना सारखंच.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते या बंदराची पायाभरणी झाली. त्याच मांडवात, त्याच दिवशी, मच्छीमारांसाठी एक खास भेटही जाहीर झाली. इस्रोच्या तंत्रावर चालणारी ट्रान्सपाँडर यंत्रं. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर ती बसवायची, खर्च साधारण ३६० कोटी. उपग्रह आपला, यंत्र आपलं, बाहेरच्या कुणीही बटण दाबून बंद करावं असं काही त्यात नाही. वादळ आलं तर इशारा देतं, हद्द ओलांडली तर सांगतं. झाईला जमिनीवरची हद्द फोनला नीट सांगता येत नाही, तिथे समुद्रातली सांगणारं यंत्र आलं. इतकं अस्सल स्वदेशी काम इतक्या कमी गाजावाजात झालेलं पाहून मला खरोखर आनंद झाला आणि तो मी धाकटी डहाणूच्या एका ओळखीच्या नाखव्याला बोलून दाखवला.

त्याने शांतपणे जाळं शिवत ऐकून घेतलं. मग विचारलं, यातून नुसतं ऐकायला येतं, की इकडून बोलताही येतं? मी म्हटलं, बोलता येतं, दोन्ही बाजूंनी निरोप जातो, बोट संकटात असली तर बटण दाबायचं, थेट सरकारला कळतं.

‘मग ते बोटीवर कशाला लावताय,’ तो म्हणाला, ‘घरी लावा. संकट किनाऱ्यावर आलंय.’

आणि दातांत घट्ट धरून त्याने दोरा तोडला, नवा ओवला आणि मला विचारलं, की बंदराच्या भरपाईचा अर्ज म्हणे मोबाइलवरून करायचा असतो, तर तो जरा भरून देता का, त्याच्याकडे स्मार्टफोन नाही.